वैमानिकाच्या तासाचें मोल

मुंबईहून दिल्लीकडे जाणारीं दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं विमानें पुष्कळदां पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरानें सुटतात. दोन्ही विमानें एकाच कारखान्यांत बनलेलीं असतात, तिकिटाच्या दरांत थोडाफार फरक असतो, हवा तीच, मार्ग तोच. आंत बसलेल्या उतारूस या दोन प्रवासांत भेद दिसलाच तर तो फराळाच्या पुडक्याचा दिसतो. परंतु पुढच्या बंद दाराआड जीं माणसें बसलेलीं असतात, त्यांच्या मिळकतीचा हिशेब कोणी मांडूं लागेल तर तो एका कंपनींत एका रीतीचा आणि दुसरींत अगदीं निराळ्या रीतीचा निघतो. एका विमानाच्या कॅप्टनास, धुक्यामुळें विमान जमिनीवरच राहिलें तरी महिन्याच्या प्राप्तीची फारशी चिंता नसते. दुसऱ्या विमानाचा कॅप्टन तितकाच अनुभवी असतो. पण धुकें पडलें कीं त्याच्या घरखर्चाचें गणित चुकूं लागतें.

वैमानिकांच्या वेतनाविषयीं वर्तमानपत्रांतून जे आंकडे येतात ते महिन्याच्या लाखांचे असतात. ते वाचून सुशिक्षित घरांत दोन प्रकारचे उद्गार निघतात. कोणी म्हणतो, एवढे पैसे कशाला? कोणी म्हणतो, मुलाला तिकडेच घालावा. दोन्ही उद्गारांचें मूळ एकच आहे, आणि तें म्हणजे एका आंकड्यावर ठेवलेला विश्वास. आंकडा खोटा असतो असें नव्हे. तो अपुरा असतो. अमुक कंपनी तासाला इतके देते, तमुक कंपनी इतके देते, एवढ्यावरून दोन कंपन्यांची तुलना करणें म्हणजे दोन शेतांची तुलना केवळ बिघ्यांवरून करण्यासारखें आहे. पाणी कोठें आहे हें विचारलेंच नाहीं तर बिघे मोजून काय उपयोग?

प्रथम त्या तासाकडेच पाहावें. वैमानिकाचा तास हा घड्याळाचा तास नव्हे. विमान आपल्या उभें राहण्याच्या जागेवरून निघालें कीं तो सुरू होतो, आणि दुसऱ्या गांवच्या जागेवर जाऊन थांबलें कीं संपतो. तत्पूर्वीं तो मनुष्य तासभर आधीं विमानतळावर आलेला असतो. हवेचे नकाशे त्यानें पाहिलेले असतात, इंधन किती घ्यावें हें ठरविलेलें असतें, विमानाभोंवतीं फेरी घालून चाकें व पंख तपासलेले असतात. एक उड्डाण संपून दुसरें सुरू होईपर्यंत तो कधीं तीन-तीन तास परक्या विमानतळावर बसून असतो. हा सगळा वेळ तासाच्या हिशेबांत येत नाहीं. शाळेंतल्या मास्तरांस वर्गांत उभें राहिल्याचे पैसे द्यावे आणि वह्या तपासल्याचे देऊं नयेत, अशांतलाच हा प्रकार आहे. कांहीं कंपन्यांच्या करारांत मात्र अशी तरतूद असते कीं, घरापासून दूर राहिलेल्या ठराविक तासांमागें उड्डाणाचा निदान एक तास धरलाच पाहिजे. जेथें ती तरतूद आहे आणि जेथें नाहीं, अशा दोन कंपन्यांचा तासाचा दर सारखाच असला तरी वेतन सारखें होत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, असे तास वैमानिकास वाटेल तितके कमावतां येत नाहींत. थकव्याचें भय असल्यामुळें सरकारनें त्यावर मर्यादा घातलेली आहे. भारतांत काय किंवा अमेरिकेंत काय, एका वर्षांत एक हजार तासांपलीकडे उड्डाण करण्याची मनाई आहे. महिन्याच्या हिशेबानें हे सुमारें त्र्याऐंशी तास होतात. म्हणजे महिन्याला सत्तर-पंचाहत्तर तास उडणारा वैमानिक आळशी नव्हे. तो पूर्ण राबणारा होय. बाहेरच्या माणसास हें पटत नाहीं, कारण त्याच्या डोळ्यांपुढें कचेरीचे दोनशें तास असतात.

आतां ज्या शब्दावर सारी तुलना फिरते तो शब्द पाहूं. तो म्हणजे हमी. वैमानिकानें महिन्यांत कमी उड्डाणें केलीं, आणि तीं त्याच्या दोषानें नव्हे तर कंपनीच्या वेळापत्रकामुळें किंवा हवामानामुळें कमी झालीं, तरी निदान किती तासांचे पैसे त्याच्या हातीं पडतील, हा हमीचा प्रश्न आहे. एक साधें उदाहरण घ्यावें. ‘क’ ही कंपनी तासाला सहा हजार रुपये देते आणि सत्तर तासांची हमी देते. ‘ख’ ही कंपनी तासाला सात हजार देते, पण हमी चाळीसच तासांची. जाहिरातींत ‘ख’ मोठी दिसते. हंगामाच्या महिन्यांत पंचाहत्तर तास उड्डाण झालें तर ‘क’चा वैमानिक ४,५०,००० रुपये मिळवतो आणि ‘ख’चा ५,२५,०००. परंतु मंदीच्या महिन्यांत पंचेचाळीसच तास झाले, तर ‘क’च्या वैमानिकास हमीमुळें ४,२०,००० मिळतात आणि ‘ख’च्या वैमानिकास ३,१५,०००. वर्षांत सहा महिने हंगामाचे व सहा मंदीचे धरले तर ‘क’मध्यें ५२,२०,००० आणि ‘ख’मध्यें ५०,४०,००० असा हिशेब निघतो. तासामागें हजार रुपये अधिक देणारी कंपनी वर्षाअखेर जवळजवळ दोन लाखांनीं मागें पडते. शिवाय तिच्या वैमानिकाचें उत्पन्न महिन्यामहिन्याला वरखालीं होतें तें निराळेंच. आणि घराच्या कर्जाचा हप्ता तर दरमहा तेवढाच असतो.

हें उदाहरण कल्पित असलें तरी चाळीस आणि सत्तर हे आंकडे कल्पित नाहींत. २०२४ सालच्या आरंभीं विस्तारा ही कंपनी एअर इंडियांत विलीन व्हावयाची होती. त्यासाठीं विस्ताराच्या वैमानिकांपुढें जो नवा करार ठेवण्यांत आला, त्यांत हमीचे तास सत्तरावरून चाळीसावर आणलेले होते. मार्चअखेर व एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत वैमानिकांच्या अभावीं त्या कंपनीचीं कितीतरी उड्डाणें रद्द झालीं, आणि शेवटीं तिला दररोजचीं पंचवीस ते तीस उड्डाणें कमी करावीं लागलीं. आदल्याच वर्षीं एअर इंडियाच्या वैमानिकांनींहि अशाच चाळीस तासांच्या करारावर हरकत घेऊन रतन टाटांकडे अर्ज केला होता, आणि त्यावर पंधराशेंहून अधिक सह्या होत्या. कंपनीची बाजू अगदींच पोकळ होती असें म्हणतां येणार नाहीं. जो अधिक उडेल त्यास अधिक मिळावें, हें तत्त्व ऐकावयास न्यायाचें वाटतें. परंतु किती उडावयाचें हें वैमानिक ठरवीत नाहीं, कंपनीचें वेळापत्रक ठरवितें. धंद्याचा धोका कोणीं सोसावयाचा, हा या वादाचा खरा गाभा होता. आणि हमी चाळीसावर आणणें म्हणजे त्या धोक्याचा मोठा वांटा कंपनीच्या खांद्यावरून काढून वैमानिकाच्या खांद्यावर ठेवणें होतें. १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विलीनीकरण पुरें झालें.

तासाचे पैसे द्यावे कीं अन्य कशाचे, हा वाद मात्र नवा नाहीं. उतारूंची विमानवाहतूक बाल्यावस्थेंत असतांनाच तो अमेरिकेंत रंगला होता, आणि आजच्या वेतनपद्धतींतल्या कित्येक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा त्यावरून होतो. टपाल नेणाऱ्या आरंभीच्या वैमानिकांस मूळ वेतन आणि त्यावर मैलागणिक कांहीं सेंट मिळत असत. १९३३ सालीं बोइंगचें २४७ हें विमान आलें. पूर्वींचीं विमानें ताशी शंभर मैलांच्या आंतबाहेर चालत. हें दीडशेंहून अधिक मैल चालूं लागलें. मैलावर पैसे द्यावे तर वैमानिकाचें उत्पन्न विमानाच्या वेगाबरोबर वाढत जाणार, हें ध्यानांत येतांच मोठ्या कंपन्यांनीं मैल सोडून तासाचा दर धरण्याचा बेत केला. वैमानिकांचा संघ १९३१ सालीं डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकारानें स्थापन झालेला होता. त्याचें म्हणणें असें कीं, वेगवान विमान अधिक उतारू व अधिक टपाल वाहून नेतें. तें चालविण्यास कौशल्यहि अधिक लागतें. मग त्यापासून होणारा लाभ एकट्या कंपनीनेंच कां घ्यावा? प्रकरण संपाच्या टोंकाशीं आलें, आणि सरकारी मजूर मंडळापुढें गेलें. १० मे १९३४ रोजीं त्या मंडळानें जो निवाडा दिला तो ‘निर्णय क्रमांक ८३’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यानें दोहोंचा मेळ घातला. सेवेच्या वर्षांप्रमाणें मूळ वेतन, विमानाच्या वेगाप्रमाणें तासाचा दर, आणि त्यावर मैलांचा भत्ता. शिवाय महिन्याला पंच्याऐंशी तासांची मर्यादा. १९३८ सालच्या विमानवाहतुकीच्या कायद्यानें तो निवाडा कंपन्यांवर बंधनकारक केला.

मोठें विमान चालविणाऱ्यास लहान विमान चालविणाऱ्यापेक्षां अधिक वेतन कां, हा प्रश्न आजहि लोक विचारतात. दोघांचा परवाना एकच, दोघांची जबाबदारी तीच, मग भेद कां? त्याचें उत्तर या जुन्या भांडणांत आहे. यंत्राची कमाई वाढली तर चालविणाराचा वांटा वाढावा, हा जो मुद्दा वैमानिकांनीं त्या वेळीं जिंकला, त्याचीच ही आजची खूण आहे.

याच्यापुढें येते ती सेवाज्येष्ठता, आणि ही गोष्ट बाहेरच्या माणसास समजावून देणें सर्वांत कठीण. अमेरिकेच्या मोठ्या कंपनींत वैमानिक नोकरीस लागला कीं त्याला एक क्रमांक मिळतो. कोणतें विमान, कोणतें गांव, कोणती पाळी, दिवाळसणासारख्या दिवसांत सुटी कोणाला, कॅप्टनाची खुर्ची केव्हां, आणि मंदी आली तर घरीं प्रथम कोणीं बसावयाचें, हें सर्व त्या क्रमांकावरून ठरतें. हुशारीचा तेथें संबंध नाहीं. परीक्षेंत सर्वांनींच उत्तीर्ण व्हावयाचें असतें, पहिला नंबर कोणासच नसतो. हा क्रमांक एका कंपनींतून दुसरींत नेतां येत नाहीं. वीस वर्षें कॅप्टन असलेला मनुष्य शेजारच्या कंपनींत गेला तर तो तेथें सर्वांत तळाचा सहवैमानिक होतो, आणि त्याला वेतनहि पहिल्या वर्षाचेंच मिळतें. म्हणून एखादा कारकून एका पेढीकडून दुसऱ्या पेढीकडे जातो तसें वैमानिकास जातां येत नाहीं. कोणत्या कंपनींत शिरावयाचें हें तो तिशीच्या आंतबाहेर ठरवितो, आणि पासष्टाव्या वर्षीं निवृत्त होईपर्यंत तो त्या एका निर्णयाच्या मागोमाग चालत असतो. कोणती कंपनी तीस वर्षांनंतर उभी असेल, हें त्यानें तिशींत ओळखावें अशी अपेक्षा असते! पेढीवाल्यांनाहि हें ओळखतां आलेलें नाहीं.

व्यक्तीला कंपनी बदलतां येत नाहीं, मग निरनिराळ्या कंपन्यांच्या वेतनांत स्पर्धा चालते कशी? ती माणसांमधून चालत नाहीं, करारांमधून चालते. एका कंपनीचा करार झाला कीं दुसरीचे वैमानिक तो पुढें ठेवून बोलणीं सुरू करतात. २०२३ सालीं अमेरिकेंत ही शिडी फार स्पष्ट दिसली. मार्च महिन्यांत डेल्टाच्या वैमानिकांनीं चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढीचा करार मंजूर केला, आणि त्यांत एक चतुर कलम घातलें: युनायटेड व अमेरिकन या प्रतिस्पर्ध्यांनीं अधिक दर दिला तर डेल्टाचा दर त्याहून निदान एक टक्का वर राहील. अमेरिकन कंपनीचा तात्पुरता करार झालेला होता. इतक्यांत जुलैमध्यें युनायटेडचा करार त्याहून सरस निघाला. तेव्हां अमेरिकन कंपनीनें आपल्या देकारांत शंभर कोटि डॉलरांहून अधिक भर घातली, मगच ऑगस्टमध्यें तिच्या वैमानिकांनीं त्यास संमति दिली. युनायटेडचा करार सप्टेंबरअखेर मंजूर झाला. पुढल्या जानेवारींत साउथवेस्टनें पांच वर्षांत सुमारें पन्नास टक्क्यांची वाढ मान्य केली. जणूं चौघेजण एकमेकांच्या खांद्यावर पाय ठेवून भिंत चढत होते.

त्या करारांत तासाच्या दराखेरीज ज्या गोष्टी होत्या त्यांची किंमत दराइतकीच मोठी होती. कंपनी निवृत्तीच्या खात्यांत वेतनाच्या सोळा टक्क्यांहून अधिक रक्कम स्वतःच्या पदरची घालते. उतारू म्हणून बसून कामाच्या ठिकाणीं जाण्याच्या वेळेचेहि पैसे दिले जातात. नफ्यांत वांटा असतो. २०२४ च्या फेब्रुवारींत डेल्टानें आपल्या यच्चयावत् नोकरवर्गास मिळून १४० कोटि डॉलर नफ्याचा वांटा म्हणून दिले. हें सारें तासाच्या दराच्या कोष्टकांत कोठेंच दिसत नाहीं.

पण शिडी चढतां येते तशी उतरतांहि येते, आणि उतरण्याचा इतिहास चढण्याच्या इतिहासाहून बोधप्रद आहे. १९७८ सालीं अमेरिकन सरकारनें विमानवाहतुकीवरील दरांचें व मार्गांचें नियंत्रण उठविलें. स्वस्त दराच्या नव्या कंपन्या निघाल्या, आणि जुन्या कंपन्यांस आपल्या वैमानिकांचें वेतन जड वाटूं लागलें. १९८३ सालीं कॉन्टिनेंटल कंपनीनें नादारीचा अर्ज केला, जुने करार झुगारून दिले आणि वेतन जवळजवळ निम्म्यावर आणलें. त्याच वर्षीं अमेरिकन कंपनीनें निराळी युक्ति काढली: जुन्यांचें वेतन जसेंच्या तसें, नव्यांस मात्र खालची श्रेणी. एकाच विमानांत, एकाच कामासाठीं, दोन माणसें दोन दरांनीं बसूं लागलीं. युनायटेडनें तोच बेत केला तेव्हां १९८५ च्या मेमध्यें तेथें एकोणतीस दिवसांचा संप झाला. जुन्यांस त्या संपांत स्वतःचें कांहीं मिळवावयाचें नव्हतें. जे अद्याप नोकरीस लागलेलेहि नव्हते त्यांच्या दराचें तें भांडण होतें. अशीं भांडणें क्वचितच होतात.

सर्वांत कठीण प्रसंग निवृत्तिवेतनाचा. २००० सालीं युनायटेडच्या वैमानिकांनीं त्या काळचा सर्वोत्तम करार मिळविला, पुढच्या वर्षीं डेल्टाच्या वैमानिकांनीं त्यावर कडी केली. मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. यूएस एअरवेज व युनायटेड या दोन कंपन्या २००२ मध्यें नादारींत गेल्या, डेल्टा २००५ मध्यें गेली, आणि तिन्ही ठिकाणीं वैमानिकांच्या निवृत्तिवेतनाच्या योजना मोडीत निघाल्या. अशा बुडालेल्या योजना सरकारी हमी-महामंडळाकडे जातात, पण तें महामंडळ एका कमाल मर्यादेपर्यंतच देतें. आणि पासष्टाच्या अलीकडे निवृत्त होणारास ती मर्यादा आणखी खालीं येते. वैमानिकास त्या वेळीं कायद्यानेंच साठाव्या वर्षीं खुर्ची सोडावी लागे; ही वयोमर्यादा २००७ च्या डिसेंबरांत पासष्टावर नेण्यांत आली. म्हणजे एका कायद्यानें त्यास साठाव्या वर्षीं घरीं बसविलें, आणि साठाव्या वर्षीं घरीं बसला म्हणून दुसऱ्या कायद्यानें त्याचें वेतन कापलें. तीस वर्षें तासाच्या दरांतून थोडेंथोडें सोडून ज्या निवृत्तिवेतनाची वाट पाहिली तें असें हातचें गेलें.

१५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्कच्या हडसन नदींत बंद पडलेलें विमान अलगद उतरवून १५५ जीव वांचविणारे कॅप्टन सुलेनबर्गर हे याच यूएस एअरवेजचे वैमानिक होते. पुढच्या महिन्यांत अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें त्यांची साक्ष झाली. सर्व देश त्यांस डोक्यावर घेऊन नाचत असतां त्यांनीं तेथें सांगितलें कीं, आपलें वेतन चाळीस टक्क्यांनीं घटलें आहे आणि निवृत्तिवेतन गेलें आहे.

त्या दोन घटनांच्या मधल्या काळांत, १२ फेब्रुवारीस, बफेलो शहराजवळ एक लहान विमान कोसळलें. विमानांतील एकोणपन्नास आणि जमिनीवरील एक असे पन्नास जीव गेले. तिकिटावर नांव कॉन्टिनेंटलचें होतें. विमान व वैमानिक मात्र कोल्गन नांवाच्या दुसऱ्याच कंपनीचे. अमेरिकेंत मोठ्या कंपन्या आपल्या लहान मार्गांचें काम अशा पोटकंपन्यांकडे सोंपवीत, रंग व नांव आपलें आणि वेतनश्रेणी त्यांची. चौकशींत असें निघालें कीं, त्या विमानाच्या सहवैमानिकेचें वार्षिक वेतन सुमारें सोळा हजार डॉलर होतें, आणि कामावर हजर होण्यासाठीं ती देशाच्या दुसऱ्या टोंकाहून रात्रभर प्रवास करून आली होती. अपघाताचें कारण म्हणून चौकशी-मंडळानें बोट ठेवलें तें कॅप्टनाच्या चुकीच्या हालचालीवर, वेतनावर नव्हे. तें योग्यच होतें. तथापि उतारूंच्या मनांतून तो सोळा हजारांचा आंकडा गेला नाहीं. २०१० च्या कायद्यान्वयें २०१३ पासून सहवैमानिकासहि बहुतांशीं पंधराशें तासांचा अनुभव आवश्यक झाला. अनुभवी माणसें दुर्मिळ झालीं, आणि जें दयेनें घडलें नाहीं तें टंचाईनें घडवून आणलें. २०२२ सालीं अमेरिकन कंपनीच्या पोटकंपन्यांनीं पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाचा दर, तात्पुरती वाढ धरून, ताशी नव्वद डॉलरांवर नेला.

भारतांत ही कथा उशिरा सुरू झाली. १९५३ सालीं विमानवाहतूक राष्ट्राच्या मालकीची झाली तेव्हांपासून देशांतील मार्गांस इंडियन एअरलाइन्स आणि परदेशच्या मार्गांस एअर इंडिया, अशी वांटणी होती. तुलना करावयास तिसरा कोणी नव्हता. या दोन कंपन्या २००७ सालीं एक झाल्या, आणि मग नांव एक परंतु वेतनें दोन अशी स्थिति उत्पन्न झाली. २०११ च्या एप्रिलअखेर पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठीं संपावर गेले. तो संप दहा दिवस चालला. पुढच्या वर्षीं उलट बाजूचा संप झाला. बोइंग ७८७ हें नवें मोठें विमान यावयाचें होतें, आणि त्याचें शिक्षण दोन्ही गटांच्या वैमानिकांस देण्याचें ठरलें. एअर इंडियाच्या गटास तें मान्य नव्हतें. तो संप अठ्ठावन्न दिवस चालला. सामान्य वाचकास वाटलें, एका विमानाच्या शिकवणीवरून एवढा कलह कां? परंतु मोठें विमान म्हणजे मोठा दर, आणि त्याच्या रांगेंत कोण पुढें हें ज्येष्ठतेवर अवलंबून, हें ज्यास ठाऊक आहे त्यास तो कलह लगेच उमगेल. दोन गटांची सांगड घालण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति धर्माधिकारी यांची समिति २०११ मध्येंच नेमलेली होती. विलीनीकरणाचें कागदी काम एका वर्षांत झालें. ज्येष्ठतेच्या दोन याद्या एक करण्याचें काम मात्र वर्षानुवर्षें चाललें.

भारतांत आणि अमेरिकेंत एक मोठा भेद आहे. येथें अनुभवी कॅप्टनास दुसरी कंपनी थेट कॅप्टन म्हणूनच घेते. त्यामुळें ज्येष्ठतेचा पाश सैल असतो, आणि माणूस पळवितां येतो. ज्या कंपनीनें खर्च करून त्यास तयार केलें तिची त्यामुळें तारांबळ उडते. म्हणून २०१७ पासून नियम असा झाला कीं, कॅप्टननें नोकरी सोडण्यापूर्वीं एक वर्षाची व सहवैमानिकानें सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी. तरीहि २०२३ मध्यें, सुरू होऊन वर्ष झालेल्या आकासा कंपनीचे त्रेचाळीस वैमानिक सूचनेची मुदत न भरतां निघून गेले. उड्डाणें रद्द झालीं, आणि कंपनीनें त्यांच्यापैकीं कांहींजणांवर मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावे लावले. अमेरिकेंत जें काम ज्येष्ठतेचा क्रमांक मुकाट्यानें करतो, तेंच येथें पूर्वसूचनेच्या कलमानें करून घेण्याचा प्रयत्न आहे. वेतनाची तुलना करणारे हें कलम सहसा पाहत नाहींत. पण वर्षभर सोडतां न येणारी नोकरी आणि महिन्यांत सोडतां येणारी नोकरी यांचें मोल सारखें कसें धरावें?

मुंबईकरांस आठवत असेल ती जेट एअरवेजची गोष्ट. १९९३ पासून चाललेली ही कंपनी एके काळीं देशांत अग्रगण्य होती, आणि तिच्यांतील नोकरी ही प्रतिष्ठेची मानली जात असे. २०१९ च्या आरंभापासून तिच्या वैमानिकांचें वेतन थकलें. १७ एप्रिलच्या रात्रीं अमृतसरहून मुंबईस आलेलें उड्डाण हें तिचें शेवटचें उड्डाण ठरलें. थकलेलें वेतन, उपदान, रजेचे पैसे हें सर्व धनकोंच्या यादींत जाऊन बसलें, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें ती कंपनी मोडून काढण्याचा हुकूम दिला. तिचा तासाचा दर प्रतिस्पर्ध्यांहून कमी होता असें कोणी म्हणणार नाहीं.

विश्रांति हाहि वेतनाचाच भाग मानला पाहिजे. आठवड्याची सलग विश्रांति छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेणारे आणि रात्रींच्या उतरण्यांवर मर्यादा घालणारे नियम २०२५ मध्यें अमलांत आले. त्यांस पुरेसे वैमानिक न जुळल्यामुळें त्या वर्षीच्या डिसेंबरांत इंडिगो कंपनीचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं, आणि लग्नसराईंत निघालेलीं कुटुंबें विमानतळांवर ट्रंकांवर बसून राहिलीं. जी कंपनी थोड्या वैमानिकांवर अधिक उड्डाणें करते तिला प्रत्येकास तास अधिक देतां येतात, म्हणून तिचें महिन्याचें वेतन फुगलेलें दिसतें. तें फुगणें कोठून येतें हें अशा डिसेंबरांत कळतें.

वैमानिकाच्या शिक्षणास आज पन्नास लाखांच्या घरांत, कित्येकदां त्याहून पुष्कळच अधिक खर्च येतो, आणि तो बहुधा वडिलांनीं घर तारण ठेवून केलेला असतो. अशा घरांतील मुलापुढें दोन कंपन्यांचीं नेमणूकपत्रें असतील तर त्यानें दर शेवटीं वाचावा. आधीं हमीचे तास किती तें पाहावें, कॅप्टन होण्यास त्या कंपनींत खरोखर किती वर्षें लागत आहेत तें तेथल्या सहवैमानिकांस विचारावें, शिक्षणाचा खर्च वसूल करण्यासाठीं किती वर्षांचें बंधपत्र लिहून घेतलें जातें आणि मधेंच सोडल्यास किती भरावे लागतात तें पाहावें. आणि एक कलम तर बहुतेकजण उलटून पाहतहि नाहींत. वैमानिकाची ठराविक मुदतीनें वैद्यकीय तपासणी होते. हृदयाच्या आलेखांत एक रेघ वांकडी निघाली तर चाळिशींतला धडधाकट मनुष्य त्या दिवसापासून विमान चालवूं शकत नाहीं, आणि त्याच्या हातांत दुसरी विद्या नसते. परवाना गेल्यास मिळणारा विमा कंपनी उतरविते कीं तो वैमानिकानें स्वतःच्या खर्चानें उतरवावयाचा, रक्कम किती, आणि ती कोणत्या वयापर्यंत लागूं, हें प्रत्येक कंपनींत निराळें असतें.